दोन थोरली घरं आणि दोन जीबीचा डबा

समस्त मुलुंडकर, भांडुपकर, घाटकोपरकर आणि आरेच्या झाडीला खेटून राहणाऱ्या तमाम सभ्य स्त्रीपुरुषांना कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, दोन जीबी मेमरीचे, एका बाजूने पोचा आलेले, मूळ रंग कोणता होता हे आता कोणालाही न आठवणारे आमचे परमपूज्य सर्व्हर यांचे दुःखद निधन झालेले नाही. अंत्ययात्रा निघणार नाही. दहावे, बारावे, तेरावे यांपैकी काहीही होणार नाही. फुले आणू नयेत. आणलीच तर डब्यावर ठेवू नयेत, पाणी आत जाते.

हे निवेदन करणं भाग आहे, कारण मध्यंतरी वर्षभर त्याच्या मरणाची वाट बघणारे बरेच होते. एकाने तर त्याच्या जागी काय ठेवायचं तेही ठरवलं होतं. थंड पाण्याचं मशीन. कोपऱ्याचं मोजमाप घेऊन झालं, माझ्यासमोर, आणि टेपचं दुसरं टोक धरायला मलाच सांगितलं. मी धरलं. फक्त दोन बोटं मागे धरलं, म्हणजे मशीन आणलंच असतं तर ते त्या कोपऱ्यात बसलं नसतं. लढाई कुठून तरी सुरू करावी लागते.

आमच्या गावच्या मुंबई मंडळाची मुलुंडला एक खोली आहे, तळमजल्यावर, जिन्याला लागून. कॅरम, ढोल, पताकांची पोती, आरतीची पुस्तकं आणि भिंतीवर आजवरचे सगळे अध्यक्ष. त्या खोलीच्या कोपऱ्यात हा सर्व्हर उभा आहे. नाव भारदस्त, वस्तू साधी: एका बंद पडलेल्या कचेरीने टाकून दिलेला कॉम्प्युटर. मी पूर्वी भांडुपला कॉम्प्युटरचे वर्ग चालवायचे, त्यामुळे अशा टाकलेल्या वस्तू आपोआप माझ्याकडे चालत येतात. मी या गावची लेक. लग्नाला तीस वर्षं झाली, वय चोपन्न, पण मंडळात अजून माझं नाव ‘चेडू’, म्हणजे पोर. लग्न होऊन गेलेल्या लेकीला मंडळाच्या सभेत मत नसतं. बसची सीट मिळते, प्रसाद मिळतो, सर्व्हर सांभाळायचं काम मिळतं, मत मिळत नाही.

या डब्यावर सहा वेबसाइट नांदतात. एक मंडळाची, तिच्यावर गणपतीला गावी जाणाऱ्या बसगाड्यांचं बुकिंग होतं. एक घाटकोपरच्या बुद्धविहारातल्या ग्रंथालयाची. एक आरेत पहाटे फिरून पक्ष्यांच्या नोंदी करणाऱ्या नवरा-बायकोची. एक आमच्या बायकांच्या भजनी मंडळाची, एक पोळीभाजी केंद्राची, जिथे रोज सकाळी आजची भाजी कोणती ते जाहीर होतं, आणि एक माझी. माझ्या वेबसाइटवर मी आमच्या सोसायटीच्या नोटिशींतल्या शुद्धलेखनाच्या चुका छापते. सोसायटीला अजून कळलेलं नाही की हे कोण करतं.

या सहाही वेबसाइटींच्या मागे एकच डेटाबेस आहे. डेटाबेस म्हणजे माहितीचं कपाट आणि त्याची चावी कमरेला लावून बसलेली एक बाई, असं मी वर्गात शिकवायचे. कोणी काही विचारलं की तिने उठून काढून द्यायचं. आमच्या या बाईंचं स्वयंपाकघर फार लहान. मेमरी म्हणजे ओटा आणि डिस्क म्हणजे माळा. रोज लागणारं हाताशी, ओट्यावर, बाकीचं माळ्यावर. ओट्यावर जागा उरली नाही की दर वेळी स्टूल ओढा, वर चढा, डबा काढा, खाली उतरा, पुन्हा चढा. मुंबईच्या कुठल्याही गृहिणीला सर्व्हर का हळू चालतो ते एवढ्यात कळतं. पुरुषांना कळायला वेळ लागतो, कारण ते माळ्यावर चढलेले नसतात, खालून सूचना देत असतात.

तर त्या वर्षी बुकिंगच्या रविवारी सकाळी दहाला पान उघडलं आणि दहा वाजून तीन मिनिटांनी आमच्या बाई स्टुलावरून पडल्या. सगळा गाव एकदम दारात आला होता. डोंबिवली, नालासोपारा, दिवा, सगळीकडून लोक एकाच बटणावर बोटं आपटत होते. डबा एक वाजेपर्यंत उठला नाही. शेवटी सेक्रेटरीकाकांनी वहीची पानं फाडून चिठ्ठ्या केल्या आणि सीटा वाटल्या. एका चिठ्ठीवर तर मागच्या बाजूला कोणाचं तरी चौथीचं भूमितीचं गणित होतं. ती सीट ड्रायव्हरच्या शेजारची निघाली.

त्यानंतरच्या सभेत अध्यक्षकाका उभे राहिले. अध्यक्षकाका आणि सेक्रेटरीकाका हे चुलत-चुलत भाऊ. दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

“गो चेडवा,” अध्यक्षकाका म्हणाले, “येत्या वर्साक एक संधी. परत पडलो तर तुझो डबो भायर. थंय पाण्याची मशीन येतली.”

“पाणी प्यायला लोक येतात की बुकिंगला?” मी विचारलं.

“पाण्याची मशीन पडना नाय,” सेक्रेटरीकाका म्हणाले.

आणि मग पुढे आले जावईबापू. अध्यक्षांचे जावई, ऐरोलीच्या एका काचेच्या इमारतीत मोठ्या हुद्द्यावर. माणूस चांगला, बोलतो गोड, आणि प्रत्येक वाक्यात एकदा तरी ‘स्केल’ म्हणतो.

“मावशी, दोन जीबी? माझ्या मुलीच्या खेळण्यात जास्त असेल.”

“मग तिच्या खेळण्यावर बुकिंग करू या का?”

“मस्करी नको ना. मी सगळं क्लाउडवर टाकतो. कितीही लोक आले तरी स्केल होईल.”

“हा क्लाउड असतो कुठे?”

“डेटा सेंटरमध्ये.”

“म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी खोलीतला डबाच ना?”

जावईबापूंनी प्रामाणिकपणे विचार केला. “हो, पण मोठा.”

“आणि बाकीच्या पाच वेबसाइट?”

“त्या मंडळाच्या नाहीत ना मावशी. त्यांचं त्यांनी बघायचं.”

इथे खरी गोम होती. डबा त्या कोपऱ्यात उभा होता तो मंडळाच्या बुकिंगच्या नावावर. विजेचं बिल मंडळाचं, इंटरनेटची कायमची लाइन मंडळाची. बुकिंग गेलं की कोपरा गेला, आणि कोपरा गेला की पाचही घरं रस्त्यावर. डबा माझ्या घरी नेता आला नसता, कारण मला घर नव्हतं. आमची इमारत पुनर्विकासात पाडलेली. आम्ही भाड्याच्या दीड खोलीत, जिथे मालकाने भिंतीला खिळा मारायलासुद्धा मनाई केली होती आणि दिवसातून चार वेळा वीज जायची.

पक्ष्यांचं जोडपं म्हणालं, आम्ही परत वहीत लिहू. पोळीभाजीवाली म्हणाली, मी फळ्यावर लिहीन. माझ्या स्वतःच्या वेबसाइटशिवाय जग चालेल, हे मीही मान्य करते. पण घाटकोपरच्या ताईंचं काय करायचं?

ताई म्हणजे विहाराच्या ग्रंथालयाच्या सर्वेसर्वा. हयातभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, मूळच्या नांदेडकडच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी ग्रंथालयातलं एकेक पुस्तक हातात घेऊन त्याची नोंद या डब्यावर केली. तीन वर्षं, रोज दुपारी, दोन बोटांनी टाइप करत. नुसतं नाव-लेखक नाही. ‘शेवटची आठ पानं नाहीत.’ ‘समासात कोणीतरी पेन्सिलीने उत्तरं लिहिली आहेत, बरोबर आहेत.’ ‘हे पुस्तक पावसात भिजलं होतं, मी इस्त्री केली.’ परीक्षेला बसणारी पोरंपोरी वसतिगृहातून बघतात की कोणतं पुस्तक आत आहे आणि कोणतं बाहेर गेलंय, आणि मगच बस पकडून येतात.

मी त्यांना जाऊन सगळं सांगितलं. “जय भीम ताई,” म्हटलं आणि एका दमात बोलून टाकलं. त्यांनी चष्मा काढला.

“म्हणजे तुमच्या गावच्या बसा नीट सुटल्या, तर आमची पुस्तकं राहणार?”

“तसंच काहीसं.”

“आणि नाही सुटल्या तर?”

“तर कोपऱ्यात थंड पाणी.”

त्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, “मी काय करू ते सांग. रडायचं असलं तर आधीच सांगते, मला येत नाही. वॉर्डात सवय गेली.”

“बुकिंगच्या दिवशी मुलुंडला येऊन बसा,” मी म्हटलं. “ज्याला कोपरा रिकामा करायचा असेल त्याने तुमच्याकडे बघून करावा.”

बुकिंगला तीन आठवडे उरले तेव्हा मी कामाला लागले. आधी सुरुवात का नाही केली, हा प्रश्न विचारू नये. मी वर्षभर जावईबापूंवर रागावण्यात गुंतले होते.

पहिलं काम घर आवरण्याचं. डेटाबेस बसवताना जे ठरावीक आकडे येतात ते मोठ्या वाड्यातल्या स्वयंपाकघराला धरून असतात. आमच्याकडे एका वेळी दीडशे माणसांना आत घ्यायची परवानगी होती. दीडशे. दोन जीबीच्या खोलीत. माणूस नुसता पाणी मागायला आला तरी त्याच्यासाठी पाट मांडायचा, ताट ठेवायचं. वीस-पंचवीस पाट मांडले की ओटा संपला, बाई माळ्यावर. मी पंगत वीसवर आणली. एकविसाव्याने जिन्यात थांबायचं, एक उठला की आत यायचं. ओट्याची अर्धी जागा रोजच्या वापरातल्या माहितीसाठी राखून ठेवली. आपलं आपणच निरीक्षण करत बसणारे दोन-तीन हिशेबनीस आत होते, त्यांना घरी पाठवलं. आणि मंडळाच्या पानावर सगळ्या माजी अध्यक्षांचे फोटो हलत होते, ते थांबवले. काही जण आयुष्यात पहिल्यांदाच स्थिर झाले.

मग परीक्षा. आमचं भजनी मंडळ गुरुवारी संध्याकाळी त्याच खोलीत जमतं. बावीस बायका, बावीस फोन, बावीस तऱ्हेचे चष्मे. मी म्हटलं, “टाळ वाजला की सगळ्यांनी बुकिंगचं बटण दाबायचं. मग दर टाळाला परत.”

“आणि पडला तर?” एकीने विचारलं.

“पडायलाच हवाय. कसा पडतो ते बघायचंय.”

“म्हणजे भजनात आम्ही डबा पाडायचा. चांगलं आहे. देवाला काय सांगायचं?”

“सांग, टेस्टिंग आहे,” दुसरी म्हणाली. “माझा मुलगा सगळ्याला तेच सांगतो.”

टाळ वाजला. बावीस बोटं पडली. पहिल्या टाळाला नुसतंच गोल फिरणारं चक्र. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या टाळालाही तेच. पाचव्याला पंखा विमानासारखा ओरडायला लागला, आणि चौथ्या मिनिटाला सगळं बंद. वीसचीच पंगत होती, तरी बंद. बायका माझ्याकडे बघत होत्या, मी डब्याकडे. म्हणजे गर्दीचा प्रश्नच नव्हता. पंगत लहान केली होती, पण पंगतीत बसलेला प्रत्येक जण उठतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डेटाबेसमध्ये उशिराची वही उघडली. तशी सोय असते: कुठल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला किती वेळ लागला, ते तो स्वतःच लिहून ठेवतो, फक्त आधी सांगावं लागतं. वहीत ओळीने एकच प्रश्न, पुन्हा पुन्हा. एकेकाला वीस-वीस सेकंद. वीस सेकंद म्हणजे कॉम्प्युटरच्या जगात माणूस काशीला जाऊन यावा एवढा वेळ. मी तो प्रश्न वाचला. तो लिहिणाऱ्याच्या अकलेबद्दल दोन शब्द मोठ्याने बोलले. आणि मग आठवलं की तो मी लिहिला होता.

आमच्या बुकिंगचा एक नियम आहे. आधीच्या वर्षी ज्याला सीट मिळाली नाही त्याचा पुढच्या वर्षी पहिला हक्क. त्यासाठी दोन याद्या जुळवाव्या लागतात: गावच्या माणसांची यादी आणि जुन्या बुकिंगची यादी. मी त्या कशावर जुळवल्या होत्या? आडनावावर. ज्या पुस्तकात बघून लिहिलं, त्यात तसंच दिलं होतं: आधी आडनाव जुळवा, मग त्यातून नाव शोधा. कुठल्याही शहाण्या गावात ते बरोबर आहे. वीस आडनावं असतील तर एकेक गट छोटा होतो आणि काम पटापट उरकतं.

आमच्या गावात आडनाव एकच आहे.

एकच. देवळापासून खाडीपर्यंत. पोस्टमनही त्याच आडनावाचा. कोणी गावात आडनावाने हाक मारली तर अख्खी वाडी वळून बघते. तर आमच्या बाईंना मी सांगितलं होतं की, या आडनावाच्या प्रत्येक माणसाला त्याच आडनावाच्या प्रत्येक जुन्या नोंदीशी भेटव. अठराशे माणसं, सहा हजार नोंदी. एक कोटीच्या वर भेटी. लग्नात प्रत्येक पाहुण्याची प्रत्येक पाहुण्याशी ओळख करून द्यावी आणि मग विचारावं की जेवण का लागलं नाही. आणि हा समारंभ प्रत्येकाने पान उघडलं की पहिल्यापासून.

मी खोलीत एकटीच हसत बसले. मोठं मशीन आणलं असतं तर काय झालं असतं? हाच मूर्खपणा जास्त वेगाने झाला असता. जावईबापूंना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “मावशी, क्लाउडवर तो आपोआप स्केल झाला असता.” मूर्खपणा स्केल होतो, ही माहिती मला त्यांच्याकडूनच मिळाली.

आता प्रश्न असा की आमच्या गावात माणूस ओळखतात कसा? घरावरून. घर म्हणजे आता तिथे राहणारं घर नाही. मूळ घर, पणज्याच्या वेळचं. खालचं घर, माडाकडचं घर, विहिरीकडचं, देवळामागचं, व्हाळापलीकडचं. अशी साठेक घरं. प्रत्येकाच्या नावापुढे घर लिहिलं की एका घरात तीसेक माणसं, शंभरेक नोंदी. कोटीच्या भेटी लाख-पावणेदोन लाखावर येतात. शिवाय अग्रक्रमाची यादी सकाळी एकदाच करून ठेवायची, दर वेळी नाही.

पण ते घर लिहिलेलं कुठेच नव्हतं. ज्याला त्याला माहीत, म्हणून कोणी लिहिलंच नाही. मग फोन.

“तुमचं घर कोणतं, काका?”

“दिव्याचं की विरारचं?”

“गावचं हो.”

“मग तसं विचार ना. व्हाळापलीकडचं. पण आता व्हाळ आटला, तरी चालेल ना?”

“चालेल.”

आठवडाभर मी बसून साठ घरं नोंदवली. माझी स्वतःची नोंद मात्र कुठेच बसेना. बापाचं घर लिहायला नियमाने बंदी, नवऱ्याचं घर या गावात नाही. माझ्यासारख्या लग्न होऊन गेलेल्या लेकी दोनशेच्या वर निघाल्या, सगळ्या बिनघरच्या. मी एकसष्टावं घर उघडलं: माहेरवाशिणी. दोनशे जणी एका छपराखाली. कोणाला विचारलं नाही. मत नसलं की विचारायची गरजही नसते, हा त्याचा फायदा.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि डेटाबेस अडला. घरांच्या यादीला मी नियम लावला होता, एक नाव एकदाच. बाई म्हणाल्या, हे घर आधीच आहे. मी बघितलं. अध्यक्षकाकांनी घर सांगितलं होतं थोरलं घर. सेक्रेटरीकाकांनीही थोरलं घर.

हे काय आहे ते बाहेरच्या माणसाला सांगते. थोरल्या घराला गावात मान. शिमग्याला पालखीला पहिला खांदा त्या घराचा. या दोन भावांच्या आजोबांमध्ये वाटण्या झाल्या, आणि थोरलं घर कोणाकडे राहिलं यावर तेव्हापासून दोन मतं आहेत. कोर्टात गेलं नाही, कारण दोघांनाही हरायची भीती. आणि आता दोन जीबीच्या एका डब्याने, ज्याला आजा नाही, पणजा नाही, स्पष्ट सांगितलं होतं की थोरलं घर एकच असू शकतं.

मी फोन उचलला. पहिला अध्यक्षांना. “काका, सेक्रेटरीकाकांनीही तेच घर सांगितलंय.”

“सांगूंदे. तू माझा लिही.”

दुसरा सेक्रेटरीकाकांना. “त्याका विचार, पालखी कोणाच्या पडवीत थांबता ती,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

चार दिवस उरले होते. हा तंटा मिटायला आणखी तीन पिढ्या लागल्या असत्या. शहाण्या माणसाने इथे घरांना आकडे दिले असते, नावं बाजूला ठेवली असती. माझं शहाणपण त्या दिवशी कामावर आलं नव्हतं. मी एकाचं लिहिलं ‘थोरलं घर’, बोलतो तसं. दुसऱ्याचं लिहिलं ‘थोरले घर’, पुस्तकात छापतात तसं. एक टिंब, एक मात्रा. बाईंनी दोन्ही निमूट ठेवून घेतली. त्यांच्या लेखी दोन वेगळी घरं. गावाने शंभर वर्षं न केलेली वाटणी मी एका मात्रेत केली.

गुरुवारी परत टाळ वाजला. बावीस बोटं. वीस जणींची पानं लगेच उघडली, दोघी क्षणभर जिन्यात थांबल्या आणि आत आल्या. पंचवीस टाळ वाजवले. पंखा ओरडला नाही. वहीत वीस सेकंदांच्या जागी डोळ्याची उघडझाप.

रविवारी सकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अध्यक्षकाका खुर्चीत, मागे माजी अध्यक्षांच्या तसबिरी. जावईबापू लॅपटॉप उघडून तयार, पडला की लगेच आपलं सुरू करायला. एका बाजूला बायका, त्यांच्यात काकी, म्हणजे अध्यक्षकाकांच्या पत्नी, ज्या मंडळाच्या खोलीत गेली चाळीस वर्षं फक्त चहा देण्यापुरत्या बोलल्या होत्या. दाराशी घाटकोपरच्या ताई, इस्त्रीची पांढरी साडी, हातात पर्स घट्ट धरलेली. त्या गर्दीत एकट्या त्याच बाहेरच्या, आणि त्यांच्याइतकं त्या डब्याकडे कोणीच बघत नव्हतं.

दहा वाजले. पहिल्या मिनिटात तीनशे माणसं दारात. वीस आत, बाकीची जिन्यात. कोणाला चार सेकंद थांबावं लागलं, कोणाला नऊ. “फिरतंय, फिरतंय,” कोणीतरी म्हणालं, आणि जावईबापूंचं बोट लॅपटॉपवर गेलं. मग समोरच्या फोनवर टुंग. दुसऱ्यावर. दहा वाजून सतरा मिनिटांनी शेवटच्या बसची शेवटची सीट गेली. डबा घोंघावतसुद्धा नव्हता. ताईंनी पर्स खाली ठेवली.

जावईबापूंनी लॅपटॉप मिटला. “मावशी, इंडेक्सिंग चांगलं केलंत,” ते म्हणाले. माणसं घरांवरून लावण्याला त्यांच्या भाषेत तसं म्हणतात. त्यांच्या तोंडून ‘स्केल’ निघालं नाही, ही मला मिळालेली सर्वांत मोठी पदवी.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी मिरवायला गेले होते. पावतीवर सीटनंबराखाली प्रत्येकाचं घर ठळक अक्षरात छापायची कल्पना माझीच. सेक्रेटरीकाकांनी आपला फोन लांब धरून वाचला, “थोरलं घर,” आणि मिशीवरून हात फिरवला. “वाच, वाच,” ते भावाला म्हणाले, “कॉम्प्युटराकसुद्धा म्हायत आसा.”

अध्यक्षकाकांनी आपला फोन पुढे केला. “माझ्यार काय लिवलाहा बघ.”

दोन फोन शेजारी शेजारी आले. आजूबाजूची डोकी पुढे झुकली. सेक्रेटरीकाका टिंबावर बोट ठेवून होते, अध्यक्षकाका मात्रेवर.

“ह्यां काय?” अध्यक्षकाका माझ्याकडे वळले. “थोरली घरां दोन?”

“एक बोलायचं, एक लिहायचं,” मी म्हटलं. “दोन्ही बरोबर आहेत. शुद्धलेखनाचा प्रश्न आहे.”

मागून कोणीतरी फसकन हसलं. तिथे गेलंच सगळं. अध्यक्षकाका खुर्चीत ताठ झाले. कान लाल. “गावाची थट्टा करता हो डबो,” ते म्हणाले. “शंभर वर्सां कोणी दोन केली नाय ती ह्येणी केली. बुकिंग झाला, चांगला झाला. पण आजच्या आज हो भायर. जावईबापू, काढा वायरी. सभा आसा, हात वर करा.”

जावईबापू उठले नाहीत. पुरुषांत दोन हात वर गेले, मग आणखी चार. सेक्रेटरीकाकांचाही अर्धा वर आला, कारण लिहायचं घर दुसऱ्याला गेलं हे त्यांना तेवढ्यात उमगलं होतं. माझा हात मोजला जात नव्हता. तरी मी जाऊन डब्यासमोर उभी राहिले, मत नसलेलं अंग मध्ये घालून. शेजारी ताई येऊन उभ्या राहिल्या. त्यांना तर त्या सभेत बसायचाही हक्क नव्हता. त्या अध्यक्षांना म्हणाल्या, “साहेब, बस तुमची सुटली ना? मग साडेचार हजार पुस्तकांनी काय केलं तुमचं?”

“मोज रे,” अध्यक्षकाका भावाला म्हणाले. हात मोजायला सेक्रेटरीकाकांनी बोट वर केलं. तेवढ्यात बायकांमधून काकींचा आवाज आला. त्या उठल्याही नव्हत्या, चहाची किटली मांडीवरच होती.

“अहो, तो डबो थंयच रवांदे. तुमका खुर्चेवरसून उठवला तर कोणाचा काय अडाचा नाय.”